हिमालयाची सराव परीक्षा

लातूरला खोली बघायला गेलो तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि घरमालक स्वेटर घालून जिना चढत होते. डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, पाठीवर तुरीच्या डाळीनं भरलेली सॅक. गच्चीच्या दारापर्यंत जायचे, कमरेवर हात ठेवून मोठा श्वास घ्यायचे, खाली यायचे आणि पुन्हा वर. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. दोन-तीन फेऱ्या मी मुकाट्यानं बघितल्या. मग ते माझ्यासमोर थांबले. घाम हनुवटीवरून स्वेटरवर ठिबकत होता.

"थंडी सोसते का?" त्यांनी विचारलं.

बँकेत नोकरी, गाव लोहा, लग्न व्हायचंय, मित्रांचा गोंधळ नसतो, अशी सगळी उत्तरं मी पाठ करून गेलो होतो. हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "सोसते की," मी म्हणालो.

"मग घ्या खोली. फक्त उन्हाळ्यात जिना मला लागतो. उंचीचा सराव असतो."

आतून एक बाईमाणूस हसल्याचा आवाज आला. त्या काकू, त्यांच्या पत्नी. पुढची काही वर्षं मी त्या घरात वरच्या खोलीत राहिलो. दर उन्हाळ्यात घरमालक, म्हणजे सर, हिमालयातल्या एका राष्ट्रीय उद्यानाला जायची तयारी करायचे आणि दर उन्हाळ्यात काकू असंच आतून हसायच्या.

सरांना सगळी गल्ली 'सर' म्हणायची, म्हणून मीही. त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. आधी कॉलेजात, मग क्लासमध्ये. लातूरात क्लास म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. इथं मूल चालायला लागलं की आई-बाप त्याचे मार्क विचारतात. सरांच्या हाताखालून किती डॉक्टर गेले याचा त्यांनाही पत्ता नव्हता. पण दवाखान्यात गेले की तपासणारा डॉक्टर उठून उभा राहायचा आणि सर त्याला बसवून आधी त्याचीच चौकशी करायचे. त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं: "पेपर सोपाच असतो. सराव कमी पडतो." निवृत्त झाल्यावर सराव घ्यायला पोरं उरली नाहीत, म्हणून त्यांनी हिमालय घेतला.

पुढच्या खोलीच्या भिंतीवर त्या उद्यानाचा मोठा नकाशा होता. देवाच्या तसबिरी त्यासाठी बाजूच्या भिंतीवर सरकल्या होत्या. कुल्लूच्या पुढं कुठं बस सोडायची, कुठल्या गावातून चढ सुरू होतो, कुरण कुठं, नाला कुठं, सरांना सगळं तोंडपाठ. मुंबईला ते आयुष्यात दोनदा गेलेले, पण त्या उद्यानातल्या पायवाटा ते मला गल्लीतल्या बोळांसारख्या सांगायचे. "इथून डावीकडं वळू नका बरं का, बँकवाले. तिकडं घसरण हाय." मी लातूरच्या खुर्चीत बसून मान डोलवायचो. डावीकडं वळायचा माझा काही विचार नव्हता.

मेच्या पहिल्या आठवड्यात रेल्वेचा सराव असायचा. पुढच्या खोलीतली कॉट म्हणजे खालची सीट आणि भांड्यांचा माळा म्हणजे वरची. सर शिडी लावून माळ्यावर चढायचे आणि पितळी पातेल्यांच्या शेजारी अख्खी दुपार आडवे व्हायचे. खालच्या सीटवर काकू. समोरच्या खुर्चीत 'अनोळखी प्रवासी' म्हणून मी. अनोळखी प्रवाशानं काही खायला दिलं तर घ्यायचं नाही, हाही सरावाचा भाग होता, म्हणून मला दरवेळी बिस्कीट पुढं करावं लागायचं आणि दोघांनी ते नाकारायचं. मध्येच माळ्यावरून स्टेशनाचं नाव पुकारलं जायचं. मग काकूंनी उठून स्वयंपाकघरात जायचं, चहा करायचा आणि "चाय, चाय, गरम चाय" ओरडत यायचं.

"मी पाशिंजर हाय का चहावाली, ते एकदाचं ठरवा," काकू एकदा किटली आपटून म्हणाल्या.

"खऱ्या गाडीत वेगळा माणूस असतो. इथं स्टाफ कमी हाय," माळ्यावरून उत्तर आलं.

काकू देगलूरच्या. माहेरी अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, शेजारी कानडी, त्यामुळं बोलणं तिन्हीकडून थोडंथोडं. चकित झाल्या की "अय्यो" म्हणायच्या आणि रागावल्या की काहीच म्हणायच्या नाहीत. सर त्यांची तोंडी परीक्षा घ्यायचे, ती मी जिन्यावरून ऐकलेली आहे. झाडांची रंगीत चित्रं पुढं धरायचे.

"हे कोणतं?"

"झाड हाय."

"अगं झाड हाय ते दिसायलंय. देवदार का चीड?"

"हिरवं हाय."

सर चित्र खाली ठेवून माझ्याकडं असं बघायचे, की मलाच वाईट वाटायचं. काकू त्यांच्या सगळ्यात ढ विद्यार्थिनी होत्या. काकूंना त्या सगळ्या अभ्यासातला एकच प्रश्न पडलेला होता आणि तो त्या दरवर्षी विचारायच्या. "बर्फाला हात लावू देत्यात का?"

"ते सिलॅबसमध्ये न्हाई," सर म्हणायचे. खरं म्हणजे त्यांना माहीत नव्हतं.

तर एवढी तयारी असून हा माणूस जात का नव्हता? कारण लातूरचं पाणी.

आमच्या गल्लीत नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी सुटायचं. आठ की दहा, सकाळी की भर दुपारी, हे पाणी सोडणाऱ्यालाही आधी ठाऊक नसावं. उन्हाळ्यात तर लग्नाच्या पंगतीत एका माणसाचा फोन वाजायचा, तो नुसतं "सुटलं" म्हणायचा आणि त्या गल्लीतली सगळी पानं अर्धी टाकून उठायची. आमच्या शाखेत एकदा मॅनेजरसाहेबांनी कर्जाच्या मुलाखतीला आलेल्या माणसाला वाक्याच्या मध्यावर सोडून मोटरसायकलला किक मारली होती. त्या माणसाला राग आला नाही. "कोणती गल्ली?" एवढंच त्यानं विचारलं.

सरांच्या अंगणातल्या नळाला तोटीच नव्हती. आमच्या गल्लीत कुणाच्याच नव्हती. जे कधी बंदच करायचं नाही, त्याला तोटी कशाला? उघडा पाइप आणि त्याखाली कायम एक बादली. पाइपमधून आधी हवा यायची, फुर्र फुर्र आवाज व्हायचा आणि त्या आवाजावर काकू झोपेतून, पूजेतून, भाकरी तव्यावर असताना उठायच्या. हौद, टिपाडं, घागरी, कळश्या, मग पातेली, मग तांबे, मग वाट्या. सगळं भरलं तरी पाणी चालू असेल तर चादरी धुवायच्या, अंगण धुवायचं, कडुलिंबाला घालायचं. शेवटचा थेंब गळेपर्यंत काकू खाली बसायच्या नाहीत. सर शेजारी उभे राहून टिपाडांच्या धारकतेचा तोंडी हिशेब करायचे. वाकायला त्यांची पाठ धजत नसे.

म्हणून उन्हाळ्यात घर सोडायचं म्हटलं की सरांचा पाय निघायचा नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात ते अंगणात येऊन पाइपाकडं बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, "यंदा पेपर पुढं ढकलू." तिकिटं रद्द. सॅकमधली डाळ परत डब्यात. नकाशावरची टाचणी उपटून खणात.

काकू कुरकुरायच्या नाहीत. कुरकुर त्यांची संपली होती, असं मला नंतर कळलं. मी यायच्या आधी त्यांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं देगलूरला. ही पोरगी काकूंच्या मांडीवर वाढलेली. काकू जरीची साडी नेसून, केसात गजरा माळून, औशाकडून येणाऱ्या बसला जायला निघाल्या आणि पाइप फुरफुरला. सर म्हणाले, "पाणी भरू अन् जाऊ." जरीच्या साडीचा काचा मारून काकूंनी हौद भरला. पाणी त्या दिवशी कधी नव्हे ते भरपूर वेळ आलं. शेवटची घागर उचलली तेव्हा तिकडं अक्षता पडून गेल्या होत्या. "पुढच्या लग्नाला लवकर निघू," सर म्हणाले. बहिणीला दुसरी मुलगी नव्हती.

हे मला समोरच्या घरातल्या शबानाभाभींनी सांगितलं. त्यांच्या घरी शिवणकाम चालायचं आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं आणि दुःखं त्यांच्याकडं असायची. "काकी तब से किसीकू बोलती नहीं, पर वो साडी फिर पेनी नहीं," त्या म्हणाल्या.

मी तिथं असतानाच्या शेवटच्या उन्हाळ्यात सरांनी तयारीची हद्द केली. मलाही रजा टाकायला लावली, कारण ग्रुपला तरुण माणूस हवा. मी टाकली. रद्द होणार याची खात्री असल्यामुळं टाकली, असं म्हटलं तरी चालेल. आणि ठरल्याप्रमाणं एके सकाळी सर अंगणात येऊन पाइपाकडं बघत उभे राहिले. मी दात घासत होतो. काकू भांडी घासत होत्या.

"यंदा पेपर पुढं ढकलू," सर म्हणाले. "नऊ दिवस झाले, पाणी न्हाई. आपण गेलो अन् सुटलं तर?"

काकूंनी हातातलं पातेलं विसळलं, पालथं घातलं, पदराला हात पुसले.

"तुमचा पेपर तुम्ही ढकला," त्या म्हणाल्या. "मी चालले."

"कुठं?"

"हिमालयाला."

सर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की काकू हसलेल्या नाहीत. "एकटी? तुला जमंल का?"

"कामून न जमावं? एवढी वर्षं सराव घेतला की तुम्ही. वरची शीट, खालची शीट, अनोळखी माणसाचं बिस्कीट घ्यायचं न्हाई, डावीकडं घसरण हाय. समदं पाठ हाय मला. गुडघे हायेत तोवर जाऊन येते. पाणी तुम्ही भरा."

मी ब्रश तोंडात तसाच धरून उभा होतो. गणिताच्या मास्तराची अशी कोंडी मी दुसरी पाहिली नाही. जाऊ नको म्हणावं तर सराव फुकट गेला असं होतं, जा म्हणावं तर घागरी आपल्या गळ्यात. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी चूळ भरायला गेलो.

तोडगा शबानाभाभींनी काढला. शिवणयंत्रावरून उठून त्या मध्ये आल्या आणि घराची किल्लीच काकूंकडून मागून घेतली. "तुम जाव काकी. पानी मैं भरके रखतूं. वाट्यां भी भर देतूं, सर, फिकर नक्को." वाट्यांचा उल्लेख झाल्यावर सर सॅक भरायला आत गेले.

खऱ्या प्रवासात सरावातलं काहीही आलं नाही. वरच्या सीटवर पातेली नव्हती, म्हणून सरांना झोप लागेना. अनोळखी प्रवाशानं बिस्कीट पुढं केलं आणि काकूंनी ते घेतलं, उलट त्याला शेंगदाण्याची चटणी अन् धपाटं दिलं. दिल्लीपर्यंत त्याच्या घरची सगळी माहिती त्यांना झाली होती. चहावाला आला की काकू हात वर करायच्या आणि तो आपल्याला चहा आणून देतोय हे बघत राहायच्या. डोंगराच्या बसमध्ये सरांना उलट्या झाल्या. वळणांचा सराव राहून गेला होता. पहिलंच उंच झाड दिसलं तसं त्यांनी फिकट चेहऱ्यानं बोट दाखवून "देवदार" म्हटलं. कंडक्टर म्हणाला, "चीड है." काकू बाहेर बघत म्हणाल्या, "हिरवं हाय," आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं उत्तर बरोबर आलं.

गेस्ट हाउसला पोचलो आणि झोपलो. सकाळी लवकर निघायचं, दुपारी वर ढग उतरतात, मग काही दिसत नाही, असं वाटाड्यानं बजावलं होतं. सकाळी तो काठी घेऊन अंगणात उभा. काकू बूट घालून पायरीवर. सर कुठंच नाहीत. मी त्यांच्या खोलीत गेलो.

सर न्हाणीघरात होते. नळ धो धो चालू होता. दोन्ही बादल्या भरलेल्या, अंघोळीचा मग भरलेला, थर्मास भरलेला, आमच्या तिघांच्या बाटल्या ओळीनं भरलेल्या. कचऱ्याचा डबा विसळून भरलेला. साबणाची डबी भरलेली. सर, ज्यांची पाठ लातूरात कधी वाकली नाही, ते माकडटोपीत उकिडवे बसून प्लास्टिकच्या पिशवीत पाणी धरत होते.

"सर, निघायचंय."

"थांबा जरा. जोरात आलंय."

वाटाड्या माझ्यामागून डोकावला. "बाबूजी, यहाँ पानी कहीं नहीं जाता. चलता ही रहता है."

"असंच म्हणत्यात," सर मागं न बघता माझ्याशी बोलले, "अन् मग आठ दिवस पत्ता न्हाई."

मला हसू आलं आणि लगेच ओसरलं. बर्फाचं पाणी ते, त्यांची बोटं लाल झाली होती. हिमालय खिडकीत उभा होता आणि हा माणूस पिशवी भरत होता. बाहेर ऊन चढत होतं. मला पायरीवर बसलेल्या काकू दिसत होत्या आणि जरीच्या साडीची गोष्ट आठवत होती. या बाईचं हेही लग्न चुकणार असं मला वाटलं.

काकू आल्या. बूट घालूनच न्हाणीघरात शिरल्या. वाकून त्यांनी नळाची तोटी धरली आणि फिरवली. पाणी थांबलं.

इतकी शांतता झाली, की खालच्या नदीचा आवाज वर यायला लागला. सर त्या तोटीकडं बघत राहिले. चालू पाणी कुणी हातानं बंद केल्याचं त्यांनी किती वर्षांत पाहिलं नव्हतं, देव जाणे. त्यांचा हात पुन्हा तोटीकडं गेला. काकूंनी तो वरच्यावर धरला.

"ह्याला तोटी हाय," त्या म्हणाल्या. "वापस आलो की पुन्हा उघडू. चला."

सर उठले. भरलेली पिशवी कुठं ठेवावी कळेना, तेव्हा ती त्यांनी माझ्या हातात दिली.

चढ मोठा होता. जिन्याचा सराव सरांना कामाला आला, हे मान्य केलं पाहिजे. कुरणाच्या वरच्या अंगाला, सावलीच्या नाल्यात, मळकट बर्फाचा एक पट्टा उरला होता. फोटोत असतो तसा पांढराशुभ्र नव्हे. काकू त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबल्या आणि वाटाड्याला त्यांच्या देगलुरी हिंदीत विचारलं, "हात लगाया तो चलता क्या?"

तो हसून म्हणाला, "बैठ जाओ इसपे, माताजी."

काकूंनी तळवा टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"कसं हाय?" सरांनी विचारलं.

"गार हाय."

"एवढंच?"

"एवढंच बघायचं होतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तेही त्या पुसत नव्हत्या. सर खाली बसले आणि त्यांनी आपलाही तळवा तिथंच टेकवला. नकाशाचं, उंचीचं, देवदाराचं त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत.

पुढं माझी बदली नांदेडला झाली. नंतरच्या एका उन्हाळ्यात कामासाठी लातूरला गेलो तेव्हा त्यांच्याकडं डोकावलो. भिंतीवरचा नकाशा तसाच होता. अंगणात मात्र पाइपाला चकचकीत पितळी तोटी बसवलेली. गल्ली हसून लोटपोट झाली होती म्हणे. पाणी आठवड्यानं, त्याला तोटी! शबानाभाभी मला दारातच म्हणाल्या, "सरां का दिमाग हिमालय में रै गया."

मी बसलो आणि तेवढ्यात पाइप फुरफुरला. काकू उठल्या. मीही बाह्या सरसावल्या. हौद भरला, टिपाडं भरली, घागरी भरल्या. सर वाकून कळश्या उचलत होते. पाणी अजून जोरात होतं. काकू सवयीनं चादरी आणायला वळल्या.

सरांनी तोटी फिरवली. नळ बंद. पाइपातून आतल्या आत पाणी धडका मारतंय असं मला वाटलं. समोरच्या दारातून शबानाभाभी ओरडल्या, "अजी सर, चालू है अभी!"

"असू द्या," सर म्हणाले. काकूंचा हात धरून त्यांनी त्यांना पुढच्या खोलीत आणलं, खिडकीजवळच्या कॉटवर बसवलं आणि स्वयंपाकघरात गेले. आत भांडी आपटली, स्टोव्ह पेटला, काहीतरी उतू गेलं. मग किटली घेऊन, खाकरून, मास्तरी आवाजात ओरडत ते बाहेर आले, "चाय, चाय, गरम चाय!"

काकूंनी हात वर केला. कप घेतला. खिडकीतून बंद नळाकडं बघत एक घोट घेतला आणि विचारलं, "कोणतं टेशन आलं हो?"

सर त्यांच्या शेजारी टेकले. "आपलं न्हाई," ते म्हणाले. "बस तू."